जुनी मसल कार घेताय? भाव बघून भुलू नका, या चुका टाळा

मसल कार म्हणजे 1960-70 च्या दशकातल्या दणकट इंजिनच्या अमेरिकन गाड्या. 2014 साली सिएटलच्या लिलावात 1971 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे प्लिमथ बाराकुडाची जबरदस्त हेमी इंजिनवाली, उघड्या छताची आवृत्ती, 35 लाख डॉलरला गेली आणि तेव्हापासून ज्याच्या गॅरेजमध्ये जुनी बाराकुडा पडलीये त्याला वाटतं आपल्याकडे खजिनाच आहे. पण तशा गाड्या बनल्याच मुळी 11. साध्या 318 (घनइंच) इंजिनच्या बाराकुडाचा त्या भावाशी काही संबंध नाही, आणि पहिली चूक इथेच होते. भाव कायम वरच जातात असंही नाही, 2006-07 मध्ये चढ्या भावात घेतलेल्यांनी 2008 नंतर चांगलाच फटका खाल्लाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅज बघून गाडी घेणं. 1970 ची शेव्हेल एसएस 454 घ्या (एसएस म्हणजे शेव्हेलची जोरदार स्पोर्टी आवृत्ती), त्यातलं एलएस6 इंजिन म्हणजे 450 हॉर्सपॉवर, म्हणून भाव प्रचंड. पण त्या वर्षीच्या शेव्हेलच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) फक्त व्ही8 आहे एवढंच कळतं, एसएस आहे का, कुठलं इंजिन आहे, काहीच नाही, त्यामुळे साध्या शेव्हेल मालिबूला पट्टे मारून, हुड बदलून एसएस म्हणून विकणारे भरपूर आहेत. 1964-65 च्या पॉन्टियाक जीटीओचंही तेच, नंबर पॉन्टियाकच्याच साध्या ल मॅन्ससारखाच. फॅक्टरीच्या नोंदींवरून गाडी मुळात कशी बनली ते सांगणारे कागद मिळतात: पॉन्टियाकसाठी पीएचएसचे (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे) कागद मागवा, 1967 पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट काढा, आणि 1970-71 च्या डॉज-प्लिमथमध्ये व्हीआयएनचं पाचवं अक्षर बघा, 426 हेमी असेल तर तिथे आर असतो. विकणारा म्हणाला कागद हरवले पण गाडी ओरिजिनल आहे, तर मग क्लोनचाच (अशा नकली बनवलेल्या गाडीचाच) भाव द्या, मनाला कितीही लागलं तरी.

मॅचिंग नंबर, म्हणजे गाडीतलं इंजिन मूळचंच आहे हे नंबर जुळवून दाखवणं, हा शब्दही असाच डोळे झाकून ऐकला जातो. शेव्हीच्या व्ही8 मध्ये उजव्या हेडच्या पुढे एक सपाट पॅड असतं, 1968 पासून तिथे किंवा इंजिनच्या ब्लॉकवर दुसरीकडे गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. पॅडवर फॅक्टरीच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात, त्या पुसल्या गेल्या असतील तर ब्लॉक कधीतरी घासलाय आणि नंबर नंतर ठोकलेला असू शकतो. शिवाय ब्लॉकवरची कास्टिंगची (ओतकामाची) तारीख गाडी बनली त्याच्या आधीची हवी, नंतरची निघाली तर विषयच संपला.

पत्र्याचं सांगायचं तर चकचकीत पेंटखाली पुट्टी किती आहे ते लोहचुंबक फिरवून बघाच, मागच्या चाकांच्या वर, डिकीच्या तळाशी, व्हिनाइल छताच्या कडेला. जुन्या मस्टँगमध्ये विंडशील्डसमोरच्या जाळीत पाणी ओतून आत कार्पेट ओलं होतंय का बघा. माझ्या एका मित्राने हे न करता लाल रंगावर भाळून गाडी घेतली, नंतर फ्लोअर पूर्ण कापावा लागला, फार वाईट वाटलं त्याच्यासाठी.

गाडी आधीच घेतली असेल आणि इंजिन बदललेलं निघालं तर तसं लिहून ठेवा, लपवू नका, चालवायला ती तेवढीच मजा देते. जुने पार्ट काढले तर एकही फेकू नका, लेबल लावून ठेवा, अगदी गळका कार्बोरेटरसुद्धा. पेंट फॅक्टरीचा असेल आणि थोडा उडालाय म्हणून नवा मारायचा विचार असेल तर कृपा करून थांबा, तो एकदाच मिळतो आणि आज लोक त्यालाच जास्त पैसे देतात. हिवाळ्यात उभी ठेवताना टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाला, नाहीतर एप्रिलमध्ये सुरू होत नाही म्हणून स्टार्टर बदलत बसाल आणि दोष निघेल कार्बोरेटरमध्ये चिकटलेल्या जुन्या पेट्रोलचा. इन्शुरन्स आधी ठरवलेल्या किमतीचाच घ्या.

आणि बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला फॅक्टरीचा कागद, शोधलंय का? शेव्हेलमध्ये ते बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडतं, डॉज-प्लिमथमध्ये मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये. टाकी खाली घेताना अगदी सावकाश घ्या, पन्नासेक वर्षांचा कागद असतो, ओढलात की तुकडे होतात.