लॅनची (कॉम्प्युटर नेटवर्कची) केबल ओढताना लूप, म्हणजे जादाची केबल, सोडा राव, मोजून कापू नका

मागे एका ऑफिसचं काम केलं, रॅकपाशी (सगळ्या केबल येऊन मिळतात त्या कपाटापाशी) जेमतेम हातभर केबल सोडली होती, आणि महिनाभरात मालक म्हणतो रॅक त्या कोपऱ्यात घ्या. कोपरा सहा फुटांवर, २४ पॉइंटपैकी (एकेका जागेला गेलेल्या केबलींपैकी) एक पोचेल तर शपथ! परत सीलिंग उघडलं, परत ओढलं, मजुरी माझ्या खिशातनं.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला. रॅककडे ३ मीटर, भिंतीतल्या आयओ बॉक्सकडे (कॉम्प्युटरची वायर खोचतात तो) ३० सेंटीमीटर, आणि वर कॅमेरा नाहीतर वायफायचा ॲक्सेस पॉइंट असेल तर दीडेक मीटर, कारण तो हमखास इकडचा तिकडे होतो. एकदा पंचिंग (तारा खाचेत दाबून बसवणं) चुकलं की टोक छाटून परत करायचं, दोन-तीनदा असं झालं की आखूड केबल बॉक्सच्या बाहेरच येत नाही, मग बसा नखांनी ओढत.

कोटेशन देतानाच हे धरा. २४ पॉइंटला पॉइंटमागे ३.३ मीटर म्हणजे ७९ मीटर झाले, ३०५ मीटरची पेटी असते त्यातली पाव पेटी गेली की. आणि हा लूप एका केबलच्या ९० मीटरच्या लिमिटमध्येच मोजायचा बरं का, पॅच पॅनलपासून (रॅकमधली केबलची टोकं बसवायची पट्टी) आयओपर्यंत ड्रॉइंगवर ८८ दिसतंय म्हणून खूश झालात तर लूप धरून बाहेर जाल.

आता ठेवायचा कसा, इथेच सगळे घाण करतात. छोटं घट्ट वेटोळं करून झिप टाय कचकन आवळतात, आतल्या तारांच्या जोड्या दबतात आणि टेस्टर फेल दाखवतो. रॅकमागे मोठा यू नाहीतर इंग्रजी आठसारखा लूप टाका, वेल्क्रोने सैलसर बांधा, बोट आत गेलं पाहिजे. वाक केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवा, कॅट सिक्स जातीची केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते म्हणजे २५ मिलिमीटर त्रिज्या. बॉक्समध्ये मावत नसेल तर कोंबू नका, हळूच पाइपात मागे ढकला. फॉल्स सीलिंगच्या टाइलवर आणि लाइटच्या वायरींना लागून तर टाकूच नका.

कापायच्या आधी दोन्ही टोकांना नंबर घाला. केबलच्या अंगावर मीटर छापलेले असतात, दोन्हीकडचे आकडे वजा करून वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी रॅक हलवायचा म्हणाले की वही उघडून सांगता येतं किती सरकेल ते.