लोड बॅलन्सर घेण्याआधी: प्रायव्हेट की कुणाकडे राहणार?

गोव्यात पर्वरीला आमची छोटी टीम आहे. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांकडे आणि पेशंटकडे पोचवणारी सेवा आम्ही चालवतो. सर्व्हर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. म्हापशाचे एक डॉक्टर भेटले की हमखास विचारतात, "वाटेत रिपोर्ट कोण वाचू शकतो काय?" लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी कनेक्शन अनेक सर्व्हरांत वाटणारा मधला, निवडताना माझाही पहिला प्रश्न तोच. उत्तर अवलंबून आहे प्रायव्हेट कीवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले कनेक्शन उघडायला लागणारी सर्व्हरची गुप्त किल्ली कुणाकडे आहे यावर. किंमत आणि डॅशबोर्ड नंतर.

एन्क्रिप्शन कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते आधी कागदावर काढा. रिपोर्ट लॅबच्या कॉम्प्युटरवरच एन्क्रिप्ट होऊन डॉक्टरांच्या फोनवर उघडत असेल, तर बॅलन्सरने टीएलएस (एचटीटीपीएसमागचे, वाटेतले एन्क्रिप्शन) उघडले तरी आतला मजकूर त्याला कळत नाही. पण यूआरएल, हेडर, लॉगिनचा टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण), कुठल्या लॅबने कधी काय पाठवले, हे सगळे त्याला दिसते. आणि टोकन हाती लागला की त्या माणसाच्या नावाने वावरता येते. टीएलएस हेच तुमचे एकमेव संरक्षण असेल, तर बॅलन्सर सगळेच वाचतो.

रस्ते तीन. पहिल्यात बॅलन्सर टीएलएस उघडतो आणि आत साधे एचटीटीपी पाठवतो. आमच्यासारख्या कामाला हे नकोच. दुसऱ्यात तो उघडतो, वाचतो आणि पुन्हा एन्क्रिप्ट करून पुढे देतो. विक्रेते याचीही जाहिरात एंड-टू-एंड म्हणून करतात, म्हणून नीट विचारा: मधल्या मशीनच्या मेमरीत मजकूर उघडा असतो की नाही? असतो. शिवाय मागच्या सर्व्हरचे सर्टिफिकेट तो तपासतो का, तेही बघा. एडब्ल्यूएसचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर टार्गेटचे सर्टिफिकेट तपासत नाही, सेल्फ-साइन्ड, म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलेही चालवून घेतो. तिसरा रस्ता पासथ्रू: बॅलन्सर टीसीपीच्या पातळीवर, म्हणजे लेयर ४ वर, बाइट नुसते पुढे ढकलतो आणि प्रायव्हेट की तुमच्या सर्व्हरवरच राहते.

आम्ही पासथ्रू घेतो. एडब्ल्यूएसवर नेटवर्क लोड बॅलन्सर, पण लिसनर (कनेक्शन स्वीकारणारी सेटिंग) टीसीपी ४४३ चा ठेवा. टीएलएसचा निवडलात तर तो तिथेच उघडतो. अॅझुरवर लेयर ४ चा अॅझुर लोड बॅलन्सर घ्या, अॅप्लिकेशन गेटवे नको. स्वतः चालवायचा तर एचएप्रॉक्सी हे मोफत सॉफ्टवेअर, टीसीपी मोडमध्ये. एकाच पत्त्यावर अनेक होस्टनेम असतील, तर एचएप्रॉक्सी क्लायंट हेलोमधले (कनेक्शनच्या पहिल्या संदेशातले) एसएनआय, म्हणजे हवे असलेले होस्टनेम, वाचून योग्य सर्व्हरकडे पाठवतो, त्यासाठी काही उघडावे लागत नाही. एसएनआय टीएलएस १.३ मध्येही सहसा उघडेच जाते, म्हणून होस्टनेममध्ये लॅबचे किंवा आजाराचे नाव घालू नका.

आता पासथ्रूची किंमत, कारण ती कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. पाथनुसार रूटिंग गेले, कुकीवरचे स्टिकी सेशन (एका माणसाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवणे) गेले, एचटीटीपीचे लॉग गेले. लॉग मागच्या सर्व्हरवरच लिहावे लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवायचे असतात, त्यामुळे डिस्कचा हिशेब आधीच करा. स्टिकीसाठी सोर्स आयपी वापरायचा मोह होतो. तो आवरा. मोबाइल नेटवर्कवर शेकडो फोन एकाच पब्लिक आयपीमागून येतात आणि सगळे एकाच सर्व्हरवर आदळतात. सेशन रेडिससारख्या (मेमरीत चालणारा डेटाबेस) सामायिक जागी ठेवा, म्हणजे कुठलाही सर्व्हर चालतो.

क्लायंटचा खरा आयपी हवा असेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल लागतो: बॅलन्सर कनेक्शनच्या सुरुवातीला तो आयपी एका हेडरमध्ये लिहून देतो. हा प्रोटोकॉल दोन्ही टोकांना एकाच वेळी चालू करा, नाहीतर एकही कनेक्शन उभे राहत नाही. आणि तो हेडर फक्त बॅलन्सरच्या पत्त्यावरून स्वीकारा. नाहीतर कोणीही हवा तो आयपी लिहून येईल.

लेयर ४ कनेक्शन वाटतो, रिक्वेस्ट नव्हे, ही गोष्ट लोकांच्या उशिरा ध्यानात येते. एचटीटीपी २ किंवा त्यावर चालणारे जीआरपीसी एकच कनेक्शन तासन्‌तास धरून बसतात. नवा सर्व्हर जोडला तरी तो रिकामाच राहतो. एचएप्रॉक्सीवर वाटपासाठी लीस्टकॉन (सर्वांत कमी कनेक्शन असलेल्या सर्व्हरला नवे देणे) लावा आणि सर्व्हरवर कनेक्शनचे कमाल वय ठरवा. आयडल टाइमआउट, म्हणजे गप्प असलेले कनेक्शन किती वेळ धरून ठेवायचे, तेही बघा: एडब्ल्यूएसच्या नेटवर्क लोड बॅलन्सरवर टीसीपीसाठी मुळात ३५० सेकंद असतात. अॅपचा हार्टबीट (कनेक्शन जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने पाठवायचा छोटा संदेश) त्याहून बऱ्याच कमी अंतराने ठेवा.

पावसाळ्याचा वेगळा विचार करा. लाइट गेली की वायफाय बंद, सगळे फोन मोबाइल डेटावर. पाच मिनिटांनी लाइट आली की पुन्हा उलट. दर वेळी नवी कनेक्शन, नवे हँडशेक (एन्क्रिप्शन ठरवण्याची सुरुवातीची देवघेव), आणि पासथ्रूमध्ये त्यांचा भार तुमच्याच सीपीयूवर. मशीन सरासरी ट्रॅफिकवर निवडू नका. अॅपमध्ये पुन्हा जोडण्याआधी थोडा कमीजास्त थांबा घाला, नाहीतर सगळे एका दमात येतात.

हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का याची बॅलन्सरची तपासणी, नुसता टीसीपीचा ठेवू नका. पोर्ट उघडा असतो आणि मागे डेटाबेस मेलेला असतो. बॅलन्सर पासथ्रू करत असला तरी चेक एचटीटीपीएसने करता येतो.

सर्टिफिकेट आता प्रत्येक सर्व्हरवर. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे सर्टिफिकेट ९० दिवसांचे, आणि १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही पब्लिक सर्टिफिकेटची मुदत ४७ दिवसांच्या वर जाणार नाही. हाताने बदलायचे दिवस संपले. चवथीला अर्धे ऑफिस गावी असते तेव्हा कोण बदलणार? सर्टिफिकेट आपोआप घेताना डोमेन तुमचेच आहे हे सिद्ध करायला डीएनएस चॅलेंज (डीएनएसमध्ये ठरलेली नोंद घालणे) वापरा. एचटीटीपी चॅलेंजची विचारणा बॅलन्सर भलत्याच सर्व्हरकडे पाठवू शकतो.

सगळे लागले की ओपनएसएसएल या कमांडने बाहेरून सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारा आकडा) घ्या आणि सर्व्हरवरच्याशी ताडून बघा. कुठल्याच सर्व्हरशी जुळला नाही तर वाटेत कोणीतरी उघडतो आहे. पुढे सीडीएन (मजकूर जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर बहुधा तोच. जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, तेच सर्टिफिकेट आणि की बॅलन्सरवरही चढवलेली असू शकते. कन्सोलमध्ये लिसनर बघाच.

कंपनीची साधी वेबसाइट, दरपत्रक, मदतीची पाने यांना हा खटाटोप नको. त्यांना वेगळे होस्टनेम द्या आणि लेयर ७ वर, म्हणजे टीएलएस उघडून एचटीटीपी वाचणाऱ्या बॅलन्सरवर, ठेवा. तिथे वेब अॅप्लिकेशन फायरवॉल मिळतो आणि कॅशही.