पिल्लू चावतंय, पळतंय, ऐकत नाहीये? आधी त्याची झोप बघा

घरात कुत्र्याचं नवीन पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांची एकच तक्रार असते. सकाळी एकदम गुणी असतं आणि संध्याकाळी सात-आठ वाजले की अंगात आल्यासारखं करतं, सोफ्याभोवती गरागरा पळतं, पायजम्याची नाडी ओढतं, हाताला कचाकच चावतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, एनर्जी फार आहे याच्यात, अजून खेळवा, दमलं की झोपेल. नका खेळवू प्लीज. ते आधीच दमलंय, दुपारची झोप झालेली नाही म्हणून तसं करतंय. लग्नघरात रात्री अकरा वाजता लहान मूल झोप आलेली असूनही किरकिरत पळत असतं ना, अगदी तसंच.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला 24 तासांत साधारण 18 ते 20 तास झोप लागते. हो, एवढी! म्हणजे जागं राहायचं किती, तर एका वेळी पाऊण तास ते एक तास, की पुन्हा दीड-दोन तास झोप. या जागेपणातच शी-शू, खाणं, थोडं खेळणं, थोडं शिकवणं सगळं बसवायचं. घड्याळ बघून करायची गरज नाही पण उठलं कधी एवढं लक्षात ठेवा, आणि पाऊण तास झाला की त्याच्याकडे बघत राहा. सांगितलेलं अचानक ऐकेनासं होतं, जांभया देतं, नुसतं भटकत राहतं, चावणं जोरात होतं. हे दिसलं की खेळ बंद.

आता झोपवायचं कसं? पळत्या पिल्लाला मागून धरून उचलू नका, ते अजून चेकाळतं आणि चावतं. दोन-चार दाणे त्याच्या खाण्यातलेच मुठीत घ्या, नाकाजवळ धरा आणि हळूहळू चालत आधी शू करवून आणा, मग त्याच्या जागेवर न्या. दाणे तिथेच अंथरुणावर टाका, हुंगत हुंगत शोधताना ते आपोआप शांत होतं. मग तुम्ही बाजूला जमिनीवर बसा, मोबाईल बघा, त्याच्याशी बोलू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका. पाच-दहा मिनिटं कुईकुई करेल, चघळायला काहीतरी द्या, एक मोठा सुस्कारा सोडून आडवं झालं की समजा काम झालं.

जागा हॉलच्या मधोमध नको, दाराजवळ तर अजिबातच नको. बेल, कुरिअरवाला, सकाळी घंटागाडीचं गाणं, कुकरच्या शिट्ट्या, आपल्याकडे आवाजांना काय तोटा. बेडरूमचा एखादा कोपरा बघा, तिथे क्रेट म्हणजे जाळीचा पिंजरा किंवा प्लेपेन म्हणजे छोटं घडीचं कुंपण ठेवा, वरून जुनी सुती साडी टाका पण पुढची बाजू हवेसाठी उघडी ठेवा. पंख्याची घरघर चांगली, बाहेरचे आवाज त्यात दबतात. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा तर रस्त्याकडची खोली टाळाच, आणि दिवाळीतही.

नाशिकची थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो आणि फरशी बर्फासारखी गार पडते, अशात नुसत्या फरशीवर पिल्लू रात्रभर कसं झोपेल? खाली पोतं किंवा चटई, वर गोधडी. कोमट पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवली तर त्याला भावंडांसारखी ऊब मिळते, फक्त गरम झालं तर बाजूला सरकायला जागा हवी आणि बाटली कुरतडत असेल तर काढून घ्या. उन्हाळ्यात उलटं, ते गोधडी सोडून फरशीवर जाऊन पसरेल, झोपू द्या तिथेच.

रात्रीचं बोलू, कारण तिथेच सगळ्यांच्या झोपेचं खोबरं होतं. पहिले काही दिवस त्याला गॅलरीत किंवा जिन्याखाली एकटं ठेवू नका हो, ते कालपर्यंत आईच्या कुशीत होतं. क्रेट तुमच्या पलंगाशेजारी घ्या, रडलं तर हात खाली सोडा, बोटं हुंगून बऱ्याचदा परत झोपतं. तरी थांबत नसेल तर शू आली असणार, एवढ्या लहान वयात रात्री एक-दोनदा उठावं लागतंच. मोठा लाईट लावू नका, लाड नको, खेळ नको, शू झाली की थेट परत अंथरुणात. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी द्या. पाणी मात्र उन्हाळ्यात तोडू नका, फक्त झोपायच्या आधी एकदा नक्की बाहेर न्या. आणि लसींचे डोस पूर्ण झालेले नसतील तर हे सगळं घरात किंवा स्वतःच्या अंगणातच, जिथे इतर कुत्री फिरतात तिथे नको.

सगळ्यात अवघड काम घरातल्या माणसांना सांभाळायचं. पाहुणे येतात, शेजारची मुलं येतात, आजोबांना वाटतं किती वेळ झोपतंय, बघू जरा. झोपलेल्या पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि तोही सगळ्यांना. झोपेत पाय झाडतं, बारीक भुंकतं, ओठ हलवतं, ते नॉर्मल आहे, स्वप्न पडत असतं, घाबरून उठवू नका.

एक फरक मात्र नीट ओळखा. भरपूर झोपून उठलं की निरोगी पिल्लू शेपटी हलवत खायला मागतं. उठल्यावरही मलूल पडून राहतंय, खात नाहीये, उलट्या किंवा पातळ शी होतेय, शीमध्ये रक्त दिसतंय, तर ती झोप नाही, आजार आहे, पार्व्हो हा विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजारसुद्धा असू शकतो. उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.