गर्दीतला फोटो: काय ठेवायचं, काय कापायचं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धार काढणारे हात, पेल्यातला फेस आणि प्यायला थांबलेला माणूस, असं सगळं एकाच फोटोत हवं असेल तर चौकट घट्ट बांधू नका. चारी बाजूंनी साधारण दहावा भाग मोकळा सोडा. म्हैस मान झटकते, माणूस सरकतो, आणि टिपताना तुटलेलं शिंग नंतर जोडता येत नाही.

फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएम लेन्स, एफ/८ अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि फोकस ३ मीटरवर ठेवला की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. दर वेळी फोकस शोधत बसावं लागत नाही. चालत्या माणसांना शटर १/२५० सेकंद, धारेच्या हातांना १/५०० सेकंद. सावलीत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२०० पर्यंत जाईल, जाऊ द्या. त्यामुळे फोटोत येणारे दाणे चालतात, हललेला हात चालत नाही.

महाद्वार रोडवर हिवाळ्यात मावळतीचं ऊन तिरपं येतं. पश्चिमेकडे तोंड केलंत तर माणसांच्या कडा उजळतात, चेहरे काळे पडतात. चेहरे हवे असतील तर वळून उभे राहा. लांब सावल्या मात्र पूर्ण घ्या; अर्धी सावली डोळ्याला खुपते.

क्रॉप करताना, म्हणजे नंतर कडा कापताना, आधी फोटो सरळ करा. ३:२ च्या चौकटीत फक्त ३ अंश फिरवले तरी सुमारे १४ टक्के क्षेत्र जातं, म्हणून बाकीची कापाकापी त्यानंतरच. मग कडांवरून नजर फिरवा: अर्धा चेहरा, पांढरी पिशवी, चमकणारा आरसा. माणूस सांध्यावर कापू नका. गुडघ्याऐवजी मांडीच्या मध्यावर, मनगटाऐवजी दंडावर कापा. चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाईनमध्ये तर पाय हाच विषय, तेव्हा पावलांखाली थोडी जमीन राहिलीच पाहिजे.

मर्यादा लक्षात ठेवा: ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोतून १२ बाय ८ इंचाची ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) प्रिंट हवी असेल तर ३६०० बाय २४०० पिक्सेल उरायलाच हवेत, म्हणजे मूळ क्षेत्राचा ३६ टक्के भाग. आणि डोक्यातून उगवलेला विजेचा खांब क्रॉपने सहसा जात नाही. तो टिपतानाच अर्धं पाऊल बाजूला सरकून घालवायचा.

हातवारे करत हसणाऱ्या दोघांपैकी एकाला कापलं, की उरलेला भांडतोय असं वाटतं. असा क्रॉप कितीही देखणा असला तरी करू नका.