बेदाण्याच्या व्यापाऱ्यासाठी तीन पानी ब्रोशर

तासगाव-सांगलीकडच्या ब्रोशरवर पहिल्या पानावर बहुधा देवाचा फोटो, संस्थापकांचा फोटो आणि ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ असतं. परगावच्या मिठाईवाल्याला त्यातून काय कळणार? त्याला माल हिरवा, पिवळा की काळा, दाणा गोल की लांब, पेटी किती किलोची आणि कमीत कमी किती माल घ्यावा लागेल, हे हवं असतं. पहिल्या पानावर मालाचा एक मोठा फोटो आणि फोन नंबर. बाकी सगळं घडी उघडताच दिसावं. भाव छापू नका, सौद्यागणिक बदलतो. वेगळी चिठ्ठी आत घाला. ‘सांगली बेदाणा’ला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी नसेल तर तो लोगो लावू नका.

ए-४ कागद आडवा धरला की २९७ मिमी. त्याचे तीन समान भाग करायचे नाहीत. आत दुमडणारं पान ९७, बाकीची दोन १००-१०० मिमी. समान केलीत तर आतलं पान घडीत अडकून फुगतं. बाहेरच्या बाजूला डावीकडून ९७, १००, १०० आणि आतल्या बाजूला १००, १००, ९७. घोटाळा इथंच होतो, म्हणून आधी कोऱ्या कागदाची डमी घडी घालून त्यावर पानांची नावं लिहा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा रंग, मजकूर कडेपासून ५ मिमी आत.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो. १०० मिमी रुंद छापायचा तर किमान १,२०० पिक्सेल हवेत. रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) बदलून बघा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मळकट होतो, मग बेदाणा जुना वाटतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांचा काळा जरा सरकला तरी मात्रा, अनुस्वार फाटतात.

मराठी मजकूर ११ पॉइंटखाली नको. युनिकोडचा (मोबाइलवर टाइप होतो तो) मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या फाइलमध्ये नुसता पेस्ट केला तर अक्षरांचा चुरा होतो. फाइल देताना कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, पण त्याआधी ‘व्यापाऱ्यांसाठी’मधला ऱ्या तपासा, नंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही.

१७० जीएसएम (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर पुरे. घडीवर गडद रंग असेल तर आधी क्रीझिंग (घडीच्या रेघेवर दाबून खाच पाडणं) सांगा, नाहीतर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. क्यूआर कोड किमान २ सेंमी, भोवती पांढरी जागा. छापील प्रूफवरून तो स्कॅन करा आणि छापलेला नंबर स्वतः लावून बघा.