नेटवर्क नसलेल्या गडावर फोनची साखळी: निघण्याआधीची तयारी

चार्जिंग, पॉवर बँक, झिपलॉक पिशव्या यांवर शब्द खर्च करत नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाला निघालेल्या माणसाला फोन कोरडा ठेव म्हणून सांगावं लागत असेल, तर त्याने आधी पर्वती चढून यावी.

मुद्द्याची गोष्ट एकच, ती आधीच सांगतो. नेटवर्क नसताना ब्लूटूथने फोनवरून फोनवर निरोप पोचवणारी ॲप्स असतात; त्यातलं ब्रायर घ्या नाहीतर बिटचॅट, त्या ॲपला लावलेला बॅटरीचा लगाम प्रत्येक फोनवर काढा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, ॲप्स, ॲपचं नाव, बॅटरी, ‘अनरिस्ट्रिक्टेड’. प्रत्येक फोनवर. तुमच्या एकट्याच्या नव्हे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौदा जण खिरेश्वरहून चढलो. तोलार खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या कातळावर दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपची रांग तुंबली होती, धुकं असं की पुढच्याची सॅक दिसेना. मी टाइप केलं, ‘खिंडीतच थांबा, वर येऊ नका’. माझ्या फोनवरून ते गेलं, माझ्या लगेच मागच्यापर्यंत पोचलंही. पण मधले चार फोन खिशात स्क्रीन बंद करून निजले होते आणि फोनने ॲपलाही निजवलं होतं. शेवटचे पाच जण सरळ वर आले आणि ओल्या कातळावर सव्वा तास कुडकुडत उभे राहिले. संध्याकाळी गावात पिठलं-भाकरी खाताना बॅकलीडच्या (रांगेत सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या) फोनवर ‘टिंग’ वाजलं: खिंडीतच थांबा. त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते इथे लिहीत नाही.

तर आता क्रमाने. ॲप आठवडाभर आधी ठरवा. सगळे अँड्रॉइडवाले असतील तर ब्रायर. ते आयफोनवर नाही. आयफोनवाले असतील तर बिटचॅट, जॅक डॉर्सीने जुलै २०२५ मध्ये आणलेलं. त्यात निरोप ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, जास्तीत जास्त सात उड्या. आयफोन खिशात गेला की त्याचं ब्लूटूथ आखडतं, म्हणून साखळीच्या मधल्या जागी आयफोन ठेवू नका, टोकाला ठेवा.

ब्रायरमध्ये ओळख नसलेला फोन निरोप घेत नाही. आदल्या दिवशी भेटून एकमेकांचे क्यूआर कोड स्कॅन करा, निदान चालताना जो पुढे-मागे असणार त्याच्याशी तरी. मग ब्रायरमध्येच एक फोरम (सगळ्यांचा सामायिक फळा) उघडा आणि प्रत्येकाने तो आपल्या पुढच्या-मागच्याला शेअर करा. हे कंटाळवाणं काम आहे, चहा ठेवून करा. आणि फोन हातात आहेच तर बॅटरीचं पानही तिथेच उघडा. ‘घरी जाऊन करतो’ म्हणणारा करत नाही. मीही तेच म्हणालो होतो.

परवानग्या: नव्या अँड्रॉइडवर ‘निअरबाय डिव्हायसेस’, जुन्यावर लोकेशनची परवानगी, आणि वर लोकेशनचं बटणही चालू.

लोक विचारतात, हे सगळं वायफायने का नाही, ते लांब जातं ना? जातं. पण साध्या फोनचं वायफाय राउटरशिवाय थेट, म्हणजे अ‍ॅड-हॉक चालवायला अँड्रॉइड देत नाही, फोन रूट करावा लागतो, म्हणजे सिस्टिमचं कुलूप तोडावं लागतं. हैतीत २०१० मध्ये भूकंपानंतर टॉवर पडले, ते बघून ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या पॉल गार्डनर-स्टीफन यांनी टॉवरशिवाय फोन जोडणारा सर्व्हल प्रकल्प सुरू केला. त्यांनाही हीच भिंत लागली. आपण ब्लूटूथवरच भागवायचं, म्हणजे उघड्यावर पन्नासेक पावलं धरा, झाडीत आणि वळणावर त्याहून कमी. हाँगकाँगमध्ये २०१४ च्या आंदोलनात फायरचॅट हे असंच ॲप चाललं, कारण माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. सोंडेवर चौदा जण पाऊण किलोमीटरभर पसरले की ॲप कितीही चांगलं असो, साखळी तुटणारच. अंतर आधी ठरवा.

फोन मागच्या खिशात नको. माणूस म्हणजे पाण्याचं पोतं, ब्लूटूथ त्यात मुरतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, झिपलॉकमध्ये. स्टीलच्या डब्यात तर अजिबात नको (एकाने ठेवला होता).

आता तालीम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन फोन ओळीने इतके लांब ठेवा की पहिल्याच्या ब्लूटूथला तिसरा सापडणार नाही. तिघांच्याही स्क्रीन बंद. अर्धा तास थांबा. हो, अर्धा तास; पाच मिनिटांत सगळेच फोन पास होतात, आम्हीही झालो होतो. मग पहिल्यावरून निरोप टाका. मधल्याला हात न लावता तिसरा वाजला तर ठीक. नाही वाजला तर मधल्या फोनचं बॅटरीचं पान पुन्हा उघडा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही लावा. शिवाय बऱ्याच फोनवर चार्ज १५-२० टक्क्यांवर आला की पॉवर सेव्हर आपणहून चालू होतो आणि सगळं मुसळ केरात. तो आपोआप चालू होणं बंद करा. आणि ज्यांना येता-जाता सगळी ॲप्स वर सरकवून ‘साफ’ करायची सवय आहे, त्यांना दम द्या.

पायथ्याला: एअरप्लेन मोड, मग ब्लूटूथ परत चालू, टॉवर शोधण्यात बॅटरी जाते. एक फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाकू नका, ११२ लावायला.

वर (ब्रायर असेल तर): देवळापाशी एकाचा हॉटस्पॉट, सगळे जोडा, अडकलेले निरोप सुटतात. ‘इंटरनेट नाही’ विचारेल, जोडलेलं राहू द्या.

उतरताना: तेच, फक्त बॅटरी कमी. पॉवर सेव्हर बघा.

बाकी जमेल तसं. पण बसमध्ये बसल्यावर, कोणी झोपायच्या आत, सगळ्यांचे फोन एकेक करून मागून घ्या आणि ते बॅटरीचं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बॅकलीडचा फोन सगळ्यात आधी.