अल्बर्ट आयलर ऐकायला घेताय? मग या चुका टाळा

फ्री जॅझचा, म्हणजे ठरलेला ठेका आणि चौकट सोडून वाजवलेल्या जॅझचा, विषय निघाला की कोणीतरी अल्बर्ट आयलरचं नाव टाकतंच. मग नवीन माणूस उत्साहाने यूट्यूबवर जातो, पहिलं दिसेल ते लावतो, दोन मिनिटं ऐकतो आणि परत येऊन विचारतो, "हे काय चाललंय नक्की? भांडण आहे का?" या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवून देणार.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयलर मूळचा अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा, जन्म १९३६, मुख्य वाद्य टेनर सॅक्सोफोन. पोरवयात ब्लूजवाल्या लिटल वॉल्टरच्या बँडबरोबर फिरला, मग लष्करात बँडमध्ये वाजवलं, त्यातला काही काळ फ्रान्समध्ये होता. रेकॉर्डिंगची कारकीर्द म्हणाल तर १९६२ ते १९७०, बस एवढीच. एवढ्याशा काळातलं काम, तरीही लोक त्यात असे हरवतात की विचारू नका, आणि हरवतात ते ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच.

धून न ऐकताच सोलोत उडी मारणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की हा माणूस सॅक्सोफोनमधून किंचाळतो, त्यामुळे ते किंचाळण्याची वाट बघत बसतात आणि त्याआधी जे वाजतं ते कानावरून जाऊ देतात. अहो, आयलरच्या धुना शाळेतल्या पोरांना एका तासात शिकवता येतील इतक्या साध्या असतात! चर्चमधली भजनं, लष्करी बँडचं मार्चिंग, जुनी लोकगीतं असलं सगळं त्यात मिसळलेलं आहे. 'स्पिरिट्स रिजॉइस' ऐकताना तर फ्रान्सचं राष्ट्रगीत ऐकतोय की काय असं वाटतं. आणि धून डोक्यात पक्की नसेल तर पुढे तो तिचे तुकडे कसे करतो ते कळणार कसं? मोडलेली वस्तू ओळखायची तर आधी ती अख्खी बघितलेली पाहिजे ना.

म्हणून मी कोणालाही सुरुवात 'स्पिरिच्युअल युनिटी'नेच करायला लावतो. १० जुलै १९६४, न्यूयॉर्क, टाइम्स स्क्वेअरजवळचा एक छोटा स्टुडिओ. आयलर, बेसवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर सनी मरे, पियानो नाहीच. सगळी रेकॉर्ड मिळून अर्धा तास. ज्या ईएसपी कंपनीने ती काढली तिची गंमत म्हणजे बर्नार्ड स्टोलमन नावाच्या वकिलाने ती एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेच्या प्रचारासाठी सुरू केली होती आणि तिची पहिली रेकॉर्डही एस्पेरांतोचीच होती, पण ते असो.

त्यात 'घोस्ट्स' दोनदा आहे, पहिला प्रकार पाचेक मिनिटांचा आणि दुसरा दहाच्या आसपास. पहिल्या प्रकाराची फक्त सुरुवात लावा, धून संपेपर्यंत, आणि बंद करा. परत लावा. परत बंद करा. भांडी घासताना, गाडी पुसताना ती तोंडात आली पाहिजे. मी नवीन रेकॉर्ड आणली की अजूनही हेच करतो, लोक हसतात, हसू देत. धून तोंडात बसली की मगच पूर्ण ट्रॅक ऐका. सूर घोगऱ्यापासून थेट चिरक्यापर्यंत जातो, मध्येच खालून एखादा भोंग्यासारखा आवाज येतो, आणि त्या गदारोळात धुनेचा एखादा तुकडा डोकं वर काढतो, वाकडा, फुगवलेला, पण तोच. शेवटी धून परत येते तेव्हा ती आधीसारखी वाटत नाही, कारण मधे काय झालं ते तुम्ही ऐकलेलं असतं. दोन मिनिटांत निकाल लावणाऱ्यांना हे कधीच मिळत नाही, आणि मला त्यांची दयाही येत नाही.

आणि तो व्हायब्रॅटो! सुराला एवढा रुंद हेलकावा देणं त्या काळच्या आधुनिक जॅझवाल्यांना जुनाट वाटायचं, आयलरने नेमकं तेच उचललं. रीडही (सॅक्सोफोनच्या तोंडाशी थरथरून आवाज काढणारी पट्टी) कडक प्लास्टिकची वापरायचा. कमी आवाजात ऐकलं तर यातलं काही पोचत नाही.

समेची वाट बघत बसणं

ही खास आपल्याकडची. माझा भाचा तबला शिकतो, कान चांगला आहे, पण आयलर लावला की पाच मिनिटांत मांडीवर बोटं आपटायला लागला आणि मग वैतागून म्हणाला, "मामा, हा माणूस समेवर येणार तरी कधी?" येणारच नाही रे बाबा. इथे आवर्तनच नाही तर सम कुठून आणू? सनी मरे ठेका धरतच नाही. त्याच्या झांजा सतत सळसळत राहतात, मधे ड्रमवर अचानक घाव पडतो, आणि बारकाईने ऐकलं तर वाजवता वाजवता तो स्वतः तोंडाने कण्हतोय तेही ऐकू येतं. बऱ्याच जणांना तो रेकॉर्डिंगमधला दोष वाटतो.

भाच्याला मी सांगितलं, सॅक्सोफोन विसर, हा ट्रॅक फक्त बेससाठी ऐक. हा पीकॉक पुढे अनेक वर्षं पियानोवादक कीथ जॅरेटच्या ट्रिओत वाजवायचा, म्हणजे सरळ ठेक्यात चालायला येत नव्हतं अशातला भाग नाही. पण इथे तो मुद्दाम चालत नाही, सॅक्सोफोनच्या खाली स्वतःची वेगळीच बडबड चालू ठेवतो, कधी आयलरला उत्तर देतो, कधी साफ दुर्लक्ष करतो. पोराने डोळे मिटून 'स्पिरिच्युअल युनिटी'वरचा पूर्ण 'द विझर्ड' ऐकला, मग म्हणाला, "तिघं एकाच वेळी बोलतायत, पण कोणी कोणाला तोडत नाहीये." एवढं कळलं की झालं. बोटं आपटणं तेव्हापासून बंद.

आणि हो, "म्हणजे हा आपला आलापच की" असंही म्हणू नका. नाहीये. आलापात राग सांभाळायचा असतो, इथे तसलं काही ओझं नाही. दोन्हीत ठेका नाही एवढ्यावरून नातं जोडू नका.

नावांवर विश्वास ठेवून खरेदी करणं

आता हा खरा वैताग. आयलरच्या रेकॉर्ड्सची नावं म्हणजे भुताखेतांचं संमेलन आहे: घोस्ट्स, स्पिरिट्स, स्पिरिट्स रिजॉइस, विचेस अँड डेव्हिल्स, होली घोस्ट. त्यात एकच रेकॉर्ड दोन-दोन नावांनी निघालेली.

माझा नाशिकचा एक मित्र आहे, हौशी, खिशाला चाट लावून घ्यायला नेहमी तयार. त्याने परदेशातल्या एका विक्रेत्याकडून एकदम दोन एलपी मागवल्या, एक 'घोस्ट्स' आणि एक 'व्हायब्रेशन्स'. कव्हर वेगळं, नाव वेगळं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. कस्टमवाल्यांनी ड्युटी लावली, कुरियरवाल्याने वर अजून काहीतरी मागितलं, दोन्ही रेकॉर्ड कशाबशा घरी आल्या. रात्री अकराच्या पुढे त्याचा फोन, आवाज अगदी पडलेला. "अरे, मला वाटतं मला हे संगीत झेपत नाहीये. दोन्ही रेकॉर्ड अगदी सारख्याच ऐकू येतायत. कुठे काही फरकच कळत नाही." बिचारा तासभर स्वतःच्या कानाला दोष देत बसला होता. फरक कळणार कसा, दोन्ही एकच आहेत! १४ सप्टेंबर १९६४, कोपनहेगन, आयलर, पीकॉक, मरे आणि कॉर्नेटवर (ट्रम्पेटचाच छोटा भाऊ) डॉन चेरी. एकच सेशन, आधी एका नावाने निघालं, मग दुसऱ्या. विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं की वर्णनात चूक नाही, माल परत घेणार नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं म्हणा.

असंच 'स्पिरिट्स' आणि 'विचेस अँड डेव्हिल्स'चं, तेही एकच, फेब्रुवारी १९६४ चं न्यूयॉर्कमधलं. 'बेल्स'चं उलटं आहे. १ मे १९६५ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवलेला तो वीसेक मिनिटांचा ट्रॅक एलपीच्या एकाच बाजूवर काढला होता, दुसरी बाजू कोरी. आणि 'लव्ह क्राय' या रेकॉर्डवर 'बेल्स' म्हणून जे आहे ते तीनेक मिनिटांत आटोपतं. म्हणजे एकाने "बेल्स ऐकलं, मस्त छोटंसं आहे" म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याला वेड्यात काढायचं, बरोबर दोघंही.

माझी सवय अशी की नाव बघायचंच नाही, तारीख बघायची आणि सोबत कोण वाजवतंय ते बघायचं. एका जुन्या वहीत मी तारखेनुसार सगळं लिहून ठेवलंय, ॲप वगैरे नाही. याचा फायदा असा की एकच धून तारखांच्या क्रमाने ऐकता येते. 'घोस्ट्स'ची धून घ्या. आधी 'प्रॉफेसी' या रेकॉर्डवरची, १४ जून १९६४, न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेमधलं लाइव्ह, तेच तिघं, 'स्पिरिच्युअल युनिटी'च्या महिनाभर आधी (रेकॉर्ड मात्र थेट १९७५ ला निघाली). मग जुलैचं 'घोस्ट्स', मग सप्टेंबरचं डॉन चेरीबरोबरचं, आणि शेवटी 'लव्ह क्राय'वरचं, जिथे भाऊ डोनाल्ड ट्रम्पेटवर आहे आणि अख्खं 'घोस्ट्स' तीन मिनिटांच्या आत संपतं, सोलोला जवळपास जागाच नाही, धूनच धून. ही चार एका संध्याकाळी होतात. एवढं केलंत तर आयलरबद्दल दहा लेख वाचायची गरज नाही.

"याला वाजवताच येत नाही"

हे म्हणणाऱ्यांना मी 'माय नेम इज अल्बर्ट आयलर' लावून देतो. जानेवारी १९६३, कोपनहेगनचा रेडिओ स्टुडिओ, साथीला सरळमार्गी बीबॉप (ठेका आणि चौकट पाळणारं जॅझ) वाजवणारे लोक, बेसवर तर सोळा वर्षांचा पोरगा, नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन, जो पुढे फार मोठा झाला. सुरुवातीला आयलर स्वतःची ओळख करून देतो, शांत, जवळजवळ लाजरा आवाज. मग 'समरटाइम' हे प्रसिद्ध गाणं येतं. साथीदार नीट चौकटीत चाललेत आणि हा त्यांच्या वरून सूर ताणतोय, रडवतोय, एक सूर धरून त्याचा रंगच बदलून टाकतोय. समीक्षक म्हणतात साथ जुळली नाही. मान्य, नाही जुळली. पण म्हणूनच तर ती नवख्यांच्या कामाची आहे, बाजूला चौकट दिसत असली की बाहेर कोण चाललंय ते लगेच कळतं. तरीही पटलं नाही तर १९६४ मधलीच नीग्रो स्पिरिच्युअल्सची (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भक्तिगीतं) रेकॉर्ड ऐका, कॉल कॉब्सच्या पियानोबरोबरची, तिथे तो धून सोडून फारसा हलतच नाही.

आणि या किरकोळ

फोनच्या स्पीकरवर ऐकणं. बेस गेला म्हणजे अर्धं संगीत गेलं.

दीडपट वेगाने ऐकणं. हो, असे लोक आहेत, मी भेटलोय. बोलायचं काय यांच्याशी?

"टॉप टेन फ्री जॅझ" छाप प्लेलिस्ट शफलवर लावणं. एकामागोमाग दहा वेगवेगळ्या माणसांचा आरडाओरडा ऐकून डोकं दुखलं तर दोष प्लेलिस्टचा.

पहिल्याच महिन्यात 'होली घोस्ट' हा २००४ चा बॉक्स सेट डाउनलोड करणं. आधी कळस मग पाया असला प्रकार आहे हा. नऊ सीडी आणि वर एक बोनस, त्यात मुलाखतींच्याही सीडी. त्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या अंत्यविधीत, २१ जुलै १९६७ ला, आयलरने वाजवलेलं रेकॉर्डिंग आहे, आवाज खराब, पण ऐकताना अंगावर काटा येतो. पण हा काटा यायला आधी तो माणूस ओळखीचा व्हायला हवा. तोपर्यंत 'इन ग्रीनिच व्हिलेज'वरचं 'फॉर जॉन कोल्ट्रेन' ऐका, त्यात तो टेनर सोडून आल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि आजूबाजूला तंतुवाद्यं आहेत.

मृत्यूपासून सुरुवात करणं. नोव्हेंबर १९७० मध्ये तो बेपत्ता झाला आणि २५ तारखेला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये मृतदेह सापडला, वय ३४. मृतदेह ज्यूकबॉक्सला बांधलेला होता ही कथा लोक अजून चवीने सांगतात, ती अफवा आहे. आणि त्या गूढाच्या चष्म्यातून ऐकलं की प्रत्येक सुरात लोकांना शोकांतिका ऐकू येते. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समध्ये फोंदास्यों मेग्त या कलासंग्रहालयात झालेला कार्यक्रम ऐका, तो आता २०२२ पासून पूर्ण मिळतो, टाळ्या बघा किती आहेत.

राहिलं 'न्यू ग्रास'. १९६८ चं, मागे सोल गायिका, ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी, आयलर स्वतः गातोसुद्धा. चाहते म्हणतात विकला गेला. मला विचाराल तर गाणी बहुतेक फसलेलीच आहेत, पण ब्लूजच्या बँडमधून आलेल्या माणसाने परत त्या गल्लीत जावं यात एवढं धक्का बसण्यासारखं काय आहे? शेवटी ऐका, पण ऐका. आणि गाणं सहन झालं नाही तर मधले सॅक्सोफोनचे तुकडे तेवढे ऐका, पर्डीचा ठेका आणि वरून तो आवाज, या दोघांचं अजिबात पटत नाही आणि मला ते फार आवडतं.